अनुसयाबाईंनी सांगितलेली वेळ

अनुसयाबाई सरकटे यांनी मला सांगितलेली पहिलीच गोष्ट खोटी होती. शाळेत नोकरी लागून मी नुकताच वाशीमला आलो होतो. दवाखान्याच्या मागच्या चाळीत एक खोली मिळाली होती, आणि शेजारच्या खोलीत दवाखान्यातल्या नर्सबाई राहत. नळाला पाणी केव्हा येतं, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि साडेचार म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी साडेचारला बादली घेऊन नळापाशी उभा राहिलो. नळ कोरडा ठणठणीत. कुडकुडत तासभर उभा राहिल्यावर नळाला धार लागली आणि त्याच वेळी बाई बादली घेऊन निवांत बाहेर आल्या. मी जरा तावातच विचारलं, की हा काय प्रकार आहे.

"तुमी नवे आहा, मास्तर," त्या म्हणाल्या. "नवा मानूस कवा उठते, मले काय माहीत? आता समजलं. उद्यापासून तुमाले साडेपाच."

मला राग आला आणि हसूही आलं. आपल्याला खरी वेळ सांगण्यात आली, म्हणजे आपण एका परीक्षेत पास झालो, असं मला वाटलं. पुढे कळलं की अख्ख्या वाशीममध्ये बाईंकडून खरी वेळ मिळालेली माणसं फार थोडी होती, आणि त्यांपैकी प्रत्येकाला त्याचा माझ्यासारखाच छुपा अभिमान होता.

बाई बुटक्या, सावळ्या, रुंद चेहऱ्याच्या. पांढरं पातळ, केसांचा घट्ट अंबाडा, बोलणं हळू. मूळच्या केनवडकडच्या. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे. छप्पन साली घरादाराने धम्म स्वीकारला तेव्हा बाई शाळेत होत्या, आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांनी मुलीचं शिक्षण काही केल्या थांबू दिलं नाही. नवरा रेल्वेत, पूर्णा जंक्शनला. तो सुट्टी मिळेल तेव्हा मीटरगेजच्या छोट्या गाडीने यायचा, अंगणात बसून बाईंची सायकल दुरुस्त करायचा आणि परत जायचा. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल कुणी हळहळ दाखवली की बाई म्हणत, वाशीम तालुक्यातली अर्धी पोरं मीच जगात आणली आहेत, अजून किती पाहिजेत.

त्यांचा सारा खटाटोप एकाच गोष्टीसाठी होता. बाळंतीण होणारी बाई वेळेच्या आत दवाखान्यात पोचली पाहिजे. ऐकायला किती सोपं! पण खेड्यातून निघायचं म्हणजे बैलगाडी मोकळी पाहिजे, घरधनी घरी पाहिजे, सासूने हो म्हटलं पाहिजे, आणि सासू हो म्हणायची ती कळा सुरू झाल्यावर. मग गाडी जुंपायची, नाला ओलांडायचा, आणि दवाखान्याच्या दारात येईपर्यंत कधी सगळं ठीक असायचं, कधी सगळं संपलेलं असायचं. बाईंनी हे इतक्यांदा पाहिलं होतं की त्यांनी आपला एक उपाय काढला होता. त्या खरा दिवस सांगतच नसत.

आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत होती ती नावालाच. संध्याकाळी बाईंच्या ओट्यावर खेड्यातल्या बाया येऊन बसत आणि मला वह्या तपासता तपासता सगळं ऐकू येई. डॉक्टरांनी जो अंदाज सांगितला असेल त्यातून बाई काही दिवस वजा करत. गाव नाल्यापलीकडचं असेल तर आणखी काही. सासू सोबत आली असेल तर बाई आधी तिच्या चपलांकडे बघत. टाचा घासून गेलेल्या असल्या, की ही बाई पाय ओढत चालते, हिला प्रत्येक गोष्टीला उशीर, असा त्यांचा हिशोब. तिच्या सुनेचा दिवस आणखी अलीकडे यायचा. हे टाचांचं शास्त्र अर्थातच भोंगळ होतं. आमच्या हेडमास्तरांच्या टाचा अशाच झिजलेल्या होत्या आणि ते शाळेत शिपायाच्याही आधी येत. पण बाईंचा त्यावर ठाम विश्वास होता, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

एकदा मी म्हणालो, "बाई, हे रोजचं खोटं बोलणं बरं वाटतं का तुम्हाला?"

"खोटं कायचं, मास्तर? घरातून निघाले किती उशीर लागते, थे त्या पोटातल्या पोराले कोन सांगन? म्हनून मीच तेवढा येळ धरून सांगतो."

यात एक अडचण होती, आणि ती बाईंना रात्रंदिवस खायची. आधी बोलावलेल्या बाया राहणार कुठे? दवाखान्यात खाटा मोजक्याच, त्या बाळंत झालेल्यांना. दिवस भरत आलेल्या बाया आणि त्यांच्यासोबतची माणसं व्हरांड्यात गोणपाट टाकून पडायची. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाणी आत यायचं, आणि पौषा-माघात तर त्या फरशीवर बसवत नसे. दोन रात्री काढून कंटाळलेली सासू तिसऱ्या दिवशी सुनेला गाडीत घालून परत घेऊन जायची. बाईंना दवाखान्याला लागून एक खोली पाहिजे होती. मोठी, चूल असलेली, जिथे चार-सहा बाया आठवडाभर निवांत राहू शकतील. नुसती एक खोली. त्यांनी अर्ज करून पाहिले, पुढाऱ्यांच्या घरी चकरा मारून पाहिल्या. सगळे हो म्हणत आणि पुढे काही होत नसे.

मग मंगरूळपीरच्या रस्त्यावर वीटभट्टी असलेल्या करीमभाईंच्या मुलीचं बाळंतपण बाईंनी केलं. अडलेलं होतं, बाईंनी सोडवलं. करीमभाई काय हवं ते मागा म्हणाले, आणि बाईंनी विटा मागितल्या. करीमभाई हसले. ट्रकभर पाठवतो म्हणाले. बाई नको म्हणाल्या. हे ऐकून मी कपाळाला हात लावला. हेडमास्तरांनीही त्यांना समजावून पाहिलं.

"ट्रकानं आल्या तं खोली करीमभाईची व्हते," बाई म्हणाल्या. "नाईतं सरकारची. मंग कोनाची सासू तठी सुनेले ठेवन? ज्यानं सोता वीट आनली, त्याच्या घरची बाई त्या खोलीत राहीन."

अशी ती विटांची सायकल फेरी सुरू झाली. दर वर्षी माघातला एक रविवार. ज्याच्याकडे सायकल आहे त्याने वाशीमहून भट्टीपर्यंत जायचं, कॅरिअरला निदान दोन विटा गोणपाटात बांधायच्या आणि परत यायचं. निघायचं मात्र पहाटे, अंधारात. कारण दिवस उजाडला की तो अरुंद रस्ता बैलगाड्यांचा आणि कापसाच्या ट्रकांचा. आणि गावाबाहेर नाल्यावर एक रपटा होता, कठडे नसलेला बुटका पूल, एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढा. सायकलींचा घोळका आणि गाडी तिथे समोरासमोर आली, की कुणीतरी नाल्यात गेलंच म्हणून समजा.

पहिल्या वर्षी बाईंनी सगळ्यांना पहाटे पाचची वेळ दिली. शाळेच्या मैदानावर पाचला मी, बाई आणि एक कुत्रं. सहापर्यंत वीस-पंचवीस जण आले. दवाखान्याचे कंपाउंडर पूजा आटोपून, गंध लावून सात वाजता आले आणि सगळे आपल्यासाठी थांबले नाहीत म्हणून रुसले. काही जण उन्हं चढल्यावर निघाले आणि दुपारी विटांसकट घामाघूम होऊन रस्त्याकडेला बाभळीखाली झोपलेले सापडले. विटा आल्या, पण पाया भरेल एवढ्याही नाहीत.

दुसऱ्या वर्षी बाईंनी आपला जुनाच उपाय काढला. प्रत्येकाला वेगळी वेळ. ज्यांच्या सायकली जुन्या, ज्यांचे पाय थकलेले, ज्यांच्यासोबत बाया, अशांना सर्वांत आधीची. त्या मंदगती मंडळींत बाई स्वतः पहिल्या, कारण त्यांच्याइतकी हळू सायकल चालवणारी व्यक्ती मी आजवर पाहिलेली नाही. सायकल पडत कशी नाही याचं नवल वाटे. त्यानंतर मध्यमवयीन, आणि सगळ्यांत शेवटी शाळा-कॉलेजातली पोरं, जी उशिरा निघूनही सगळ्यांना गाठणार. हा एक हिशोब झाला. त्यावर दुसरा हिशोब ज्याच्या त्याच्या सवयीचा. कंपाउंडरांची पूजा धरून त्यांना तासभर आधीची वेळ. लाकडाच्या वखारीचे शेटजी, ज्यांना चार माणसांनी वाट पाहिल्याशिवाय घराबाहेर पडणं कमीपणाचं वाटे, त्यांना त्याहून आधीची. आणि कुणाला कोणती वेळ दिली ते कुणालाही सांगायचं नाही. हे सारं बाईंच्या डोक्यात, कागदावर एक अक्षर नाही.

ते वर्ष मी विसरणार नाही. पहाटेच्या अंधारात माणसं मैदानावर थोडी थोडी येत होती आणि थोडी थोडी निघून जात होती, गर्दी म्हणून कुठे दिसत नव्हती. रपट्यावर एका वेळी चार-पाच सायकली. समोरून गाडी आली तर तिला वाट. आणि गंमत अशी की भट्टीवर सगळे जवळजवळ एकदमच पोचले, म्हातारे आणि पोरं, बाया आणि शेटजी. करीमभाईंनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला होता. आपण सगळे एकाच वेळी कसे आलो याचं प्रत्येकाला कौतुक, आणि प्रत्येकाला वाटत होतं ते आपल्या सायकलमुळे. बाई बाजूला बसून बशीतून चहा पीत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या वर्षी भिंती खिडकीच्या उंचीला आल्या.

तिसऱ्या वर्षी मात्र बिंग फुटलं. फेरीच्या आदल्या दिवशी बस स्टँडसमोरच्या हॉटेलात कंपाउंडर आणि शेटजी एका टेबलावर आले आणि बोलता बोलता वेळा जुळेनात. शेजारच्या टेबलावरच्याने आपली तिसरीच वेळ सांगितली. अर्ध्या तासात सगळं हॉटेल आपापल्या वेळा सांगू लागलं. मी तिथेच भजी खात बसलो होतो, आणि जे झालं ते फक्त आमच्या वऱ्हाडातच होऊ शकतं. ज्यांना आधीची वेळ दिली होती त्यांना राग आला, की बाई आपल्याला आळशी समजतात. ज्यांना उशिराची दिली होती त्यांना त्याहून राग आला, की बाकीचे पुढे जाणार आणि आपल्याला मागून काहून बोलावलं. एका खेड्याची माणसं म्हणाली, शेजारच्या खेड्याले पयली येळ अन् आमाले दुसरी, आमी काय कमी हाओत काय? शेवटी सर्वानुमते ठरलं, की जी सगळ्यांत आधीची वेळ आहे त्या वेळी सगळ्यांनी यायचं. एकही माणूस मागे राहणार नाही. बाईंना दाखवूनच देऊ.

आणि त्यांनी दाखवून दिलं. आयुष्यात कधी वेळेवर न आलेली माणसं त्या पहाटे मैदानावर वेळेच्या आधी हजर होती. त्या वर्षी खेड्यापाड्यांतूनही पुष्कळ मंडळी आली होती. सायकलींच्या घंट्या, कंदील, बॅटऱ्या, घोषणा, नुसता कल्लोळ. बाई मैदानाच्या तोंडाशी सायकल धरून उभ्या होत्या. त्यांनी हळू जाणाऱ्यांना आधी सोडायचा प्रयत्न केला, पण मागून पोरांचा लोंढा आला आणि सगळे एकदमच रस्त्यावर सांडले. बाई मला एवढंच म्हणाल्या, की रपट्यावर गुतून पडतीन सारे. मी म्हणालो, एवढ्या पहाटे समोरून कोण येतंय?

समोरून गाडी आली. आम्ही रपट्याशी पोचलो तेव्हा पुढच्या सायकली रपट्यावर, मागच्या त्यांना खेटून, आणि पलीकडच्या तोंडाशी एक बैलगाडी. बैल त्या उजेडाला आणि घंट्यांना बुजले होते, माना झटकत मागे सरत होते. गाडीवान ओरडत होता. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते घंट्या वाजवत पुढे रेटत होते. पुढच्यांना मागे फिरायला जागा नव्हती. आणि मग गाडीतून बाईच्या ओरडण्याचा आवाज आला, आणि तो काय आहे हे अनुसयाबाईंना विचारावं लागलं नाही.

त्यांनी सायकल होती तिथेच आडवी टाकली आणि त्या रपट्यावरून न जाता सरळ नाल्यात उतरल्या. नाल्याला घोटाभर पाणी होतं. माघाची थंडी. पातळ वर धरून त्या पलीकडे चढल्या आणि गाडीत शिरल्या. मी त्यांच्या मागे. गाडीत कौसल्या होती, अनुसयाबाईंच्या ओट्यावर मी तिला तीनचारदा पाहिलं होतं, एक अशक्त, हसरी मुलगी. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची सासू पार्वताबाई बसली होती.

"मास्तर, घंट्या बंद करा," बाई म्हणाल्या. "अन् साऱ्याइले पाठ फिरवाले सांगा."

मी ओरडत मागे गेलो. निरोप एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि तो शेवटपर्यंत पोचेस्तोवर हळूहळू सगळं शांत झालं. लोकांनी कंदील बारीक केले. कुणी घोंगड्या दिल्या, त्या गाडीभोवती धरून काही बाया उभ्या राहिल्या. पोरांनी सायकली डोक्यावर घेऊन नाल्यातून परत नेल्या आणि रपटा मोकळा केला, पण आता गाडी हलवायची नाही म्हणून बाईंनी सांगितलं. त्या सगळ्या माणसांनी पाठी फिरवून नाल्याच्या काठावर उभं राहून वाट पाहिली. कशाची वाट पाहतोय हे प्रत्येकाला माहीत होतं. लहान बाळाचा एक आवाज. तो आवाज आला नाही.

उजाडत होतं तेव्हा घोंगड्या बाजूला झाल्या. कौसल्या जिवंत होती. शेटजींनी आपली जीप आणवली होती, तिच्यातून तिला दवाखान्यात न्यायची तयारी झाली. पार्वताबाई गाडीच्या चाकापाशी बसली होती, पदरात गुंडाळलेलं ते मूल मांडीवर घेऊन. मुलगा होता. अनुसयाबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"पार्वताबाई, दिवस तं चार रोजापयलेच झाला," त्या म्हणाल्या. "तवाच काहून नाई आल्या?"

पार्वताबाईने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तुमी पयलेचा दिवस सांगता ना बाई. साऱ्या गावाले माहीत हाय. म्हनून आमी चार रोज थांबलो."

कौसल्या अशक्त, खोलीवर अजून छप्पर नाही, माघाच्या थंडीत तिला व्हरांड्यातल्या फरशीवर आठवडाभर झोपवायचं नाही म्हणून फक्त त्या एका मुलीला बाईंनी बरोबर दिवस सांगितला होता. ओट्यावर तो सांगताना मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. बाईंनी पार्वताबाईला हे सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि मला वाटतं कधीच नाही.

लोक अजून उभेच होते. आता काय करायचं, घरी जायचं का, असं कुणीतरी विचारलं. बाई जीपमध्ये चढत होत्या.

"जा," त्या म्हणाल्या. "विटा घेऊन या."

आम्ही गेलो. कुणी कुणाच्या पुढे गेलं नाही. भट्टीवर करीमभाईंना कुणीतरी काय झालं ते सांगितलं आणि त्यांनी चहाचं पातेलं उतरवून ठेवलं. त्या दिवशी दोन विटांवर कुणी थांबलं नाही. कंपाउंडरांच्या सायकलचं कॅरिअर परत येताना मोडलं, तेव्हा ते उरलेल्या वाटेत सायकल हातात धरून चालत आले.

डॉक्टर म्हणाले की मूल रपट्यावर पोचण्याच्या आधीच गेलं असावं. तसं असेल. कदाचित डॉक्टर आमच्या सगळ्यांच्या मनाला जरा बरं वाटावं म्हणूनही बोलले असतील, ते भले गृहस्थ होते. बाईंनी ते ऐकून घेतलं. मात्र त्या दिवसापासून अनुसयाबाईंनी कुणालाही आधीचा दिवस सांगितला नाही.

मला हे पटलं नव्हतं आणि मी ते त्यांना बोलून दाखवलं. इतक्या वर्षांत तुमच्या त्या युक्तीने किती बाया वाचल्या ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, एका घरामुळे सगळं का सोडता, असं मी म्हणालो. बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"मास्तर, खोटं मी एकटीनं बोलली. पन त्या खोट्याची वजाबाकी साऱ्या गावानं शिकली. आता मी खरं सांगतलं तरी थे वजाच करतीन. मंग थे वजा करनं मोडाले पायजे का नाई कोनी?"

"आणि ते मोडेपर्यंत?"

"तवरोक मी जातो."

आणि त्या जाऊ लागल्या. कुणाला एखादा दिवस सांगितला, की तो यायच्या आदल्या दिवशी बाई स्वतः सायकल काढून त्या खेड्यात. ती सायकल, तो त्यांचा वेग. ऊन असो, चिखल असो. दारात उभ्या राहून म्हणत, की उद्याचा दिवस खरा आहे, गाडी जुंपा. काही घरांत बाईंना बाळंतपणापुरतं आत घेत आणि एरवी पाणी ओसरीवर आणून देत. त्या घरीही बाई तितक्याच वेळा गेल्या. पार्वताबाईच्या घरीही जात, तिथे कुणाचा दिवस नसतानासुद्धा. तिथे काय बोलणं होई ते मला माहीत नाही. सुट्टीवर आलेला नवरा म्हणायचा, ही बाई माझ्या इंजिनापेक्षा जास्त मैल चालते. त्या वर्षा-दोन वर्षांत बाई वाळल्या. बोलणं आधीच कमी होतं, ते आणखी कमी झालं. मी गमतीने काही म्हणालो तर त्या हसत, पण ते हसणं उशिराने येई.

चौथ्या फेरीला बाईंनी सगळ्यांना एकच वेळ दिली आणि तीच खरी. लोक अर्थातच मागे-पुढे आले. बाई मैदानाच्या तोंडाशी दोर धरून उभ्या राहिल्या. हळू जाणारे आधी, असं त्यांनी तोंडाने सांगितलं आणि एकेक घोळका सोडला. पुढचा घोळका रपटा ओलांडून गेल्याचा कंदील हलल्याशिवाय मागच्याला सोडलं नाही. शेटजी चांगले तासभर थांबले आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. हे असं सरळ सांगूनही जमतं, हे बघून मला थोडं वाईट वाटलं. कशाचं ते नीट सांगता येणार नाही. कदाचित बाईंच्या त्या डोक्यातल्या गमतीदार, गुंतागुंतीच्या हिशोबाचं असेल.

खोली पुरी झाली. छपराला पत्रे, आत दोन चुली, भिंतींना आतून चुना. बाहेरून बाईंनी गिलावा करू दिला नाही. खेड्यातली माणसं दवाखान्यात आली की खोलीभोवती फिरून भिंतीत आपली वीट शोधायची, आणि सापडली म्हणून सांगायची, जणू काही तिच्यावर खूण होती. सुरुवातीला खोली रिकामीच असे. बाई खरा दिवस सांगत, लोक वजाबाकी करत आणि पुन्हा कळा सुरू झाल्यावरच धावत येत. बाईंनी गाठून आणलेल्या बाया तेवढ्या तिथे राहत. मी संध्याकाळी शाळेतून येताना खिडकीतून आत पाहायचो, आणि बहुतेक वेळा तिथे दोन चुली आणि एक घागर एवढंच असायचं. एवढ्या माणसांनी एवढ्या लांबून वाहून आणलेली ती खोली अशी रिकामी पाहिली की जिवाला लागायचं.

त्यानंतर माझी बदली झाली, तिकडे मूर्तिजापूरच्या बाजूला. सामान एसटी स्टँडवर ठेवून मी शेवटचा निरोप घ्यायला दवाखान्यात गेलो. सकाळची वेळ होती. बाई खोलीच्या दारात उभ्या होत्या आणि समोर एक बैलगाडी नुकतीच येऊन थांबली होती. गाडीतून आधी पार्वताबाई उतरली, मग तिने हात देऊन कौसल्येला उतरवलं. कौसल्येचे दिवस भरले होते. तिला कळा वगैरे काही नव्हत्या, ती आपल्या पायांनी चालत आली आणि बाईंकडे बघून लाजली. गाडीत चुलीसाठी काड्या, पिठाचं गाठोडं, गोधड्या, सगळी तयारी होती.

बाई गेल्या दोन-चार दिवसांत पार्वताबाईच्या गावी गेल्या नव्हत्या. जायचं ठरवत होत्या, पण अंगात ताप होता, हे मला माहीत होतं. त्या गोंधळल्यासारख्या पार्वताबाईकडे पाहत राहिल्या.

"आज कोनी आनलं तुमाले?" त्यांनी विचारलं.

"कोनी कायले आनन?" पार्वताबाई म्हणाली. "तुमी आजचा दिवस सांगतला व्हता ना बाई. मंग आजच येऊ का नाई?"

बाईंनी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. ते घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या, आत जाईनात. आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतक्या वर्षांत, त्या रपट्यावरसुद्धा, मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पार्वताबाईने आपल्या पदराने त्यांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, आणि सुनेला घेऊन ती खोलीत गेली.

मी नमस्कार केला. बाईंनी मान हलवली, नाक ओढलं आणि म्हणाल्या, "निघा मास्तर, गाडीची येळ झाली."

एसटी केव्हाची होती ते मी स्टँडवर विचारलं नव्हतं. घड्याळही पाहिलं नाही. बाई म्हणाल्या म्हणून निघालो.